ना वर्गणी, ना नियमावली, तरी दहा हजार कामगार : ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडेंची गोष्ट

धामणकर नाका (भिवंडी) : भिवंडीत बरेचसे लूम शुक्रवारी थांबतात. बाकी देशात रविवारी थांबतात. वार कुठलाही असो, आठवड्यातला एक दिवस यंत्र बंद ठेवायचं, हे काही कुणा मालकाने खूश होऊन दिलेलं बक्षीस नाही. ते मागून घेतलेलं आहे, आणि ते मागणाऱ्या माणसाचा जन्म आपल्याच ठाण्यात झाला होता. नाक्यावर उभ्या असलेल्या दहा जणांना नाव विचारलं तर दोघांना तरी माहीत असेल का, शंका आहे. नाव नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडे १८४८ साली ठाण्यात जन्मले. घराणं फुलमाळी समाजाचं. मूळ गाव पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातलं कन्हेरसर. यमाई देवीचं ठिकाण म्हणून बऱ्याच जणांना हे गाव ठाऊक आहे. घरची परिस्थिती बेताची होती. पोटासाठी घाट उतरून खाली आलेली जी अनेक कुटुंबं होती, त्यातलंच हे एक.

तेव्हाचं ठाणं म्हणजे आजचं ठाणं नव्हे. लोखंडे पाच वर्षांचे असताना, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली. पुढच्याच वर्षी मुंबईत कावसजी दावर या पारशी गृहस्थाने सूतगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये गिरणी सुरू झाली. म्हणजे रेल्वे, गिरणी आणि हा पोरगा, तिघं साधारण बरोबरच मोठे झाले. त्याच सुमारास भिवंडीत हातमाग होते, आणि १८५७ च्या बंडानंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन, अन्सारी विणकरांनी ते वाढवले. मुंबईच्या गिरणीत कातलेलं सूत आणि आपल्याकडचा हातमाग, हा धागा तेव्हापासूनचा. यंत्रमाग भिवंडीत फार नंतर आले.

लोखंडे मॅट्रिकपर्यंत शिकले. त्या काळात बहुजन घरातल्या पोराने एवढं शिकणं म्हणजे मोठीच गोष्ट. आधी रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी केली, मग मांडवी गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले.

हे स्टोअरकीपरचं काम नीट समजून घेतलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. ज्यांनी यंत्रमागाच्या कारखान्यात काम केलंय त्यांना सांगायला नको. स्टोअरवाल्याकडे सगळी खाती येतात. कताईवाल्याला बॉबिन लागते, साचेवाल्याला धोटा आणि पट्टा लागतो, रंगखात्याला रंग लागतो, फिटरला तेल लागतं. स्टोअरवाला मागावर उभा राहत नाही, पण कुठल्या खात्यात काय चाललंय ते त्याला सगळ्यात आधी कळतं. कुणाचा हात पट्ट्यात सापडला, कुणाचा पगार अडकला, कुठल्या जॉबरने कुणाकडून दस्तुरी घेतली, सगळं तिथपर्यंत येतं. लोखंडे स्वतः मजूर नव्हते, थोडे वरच्या पायरीवरचे कारकून होते. पुढे काही अभ्यासकांनी यावरून त्यांना कमी लेखलं. पण अडाणी मजुराचं गाऱ्हाणं सरकारदरबारी कागदावर मांडायचं तर लिहिता येणारा आणि आतलं जाणणारा माणूसच लागतो. तो तेव्हा गिरणीत दुसरा कोण होता?

गिरणीतले तास

त्या काळी गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. त्यामुळे काम चालायचं उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. हिवाळ्यात दिवस लहान म्हणून तास कमी, उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून तेरा-चौदा तास. म्हणजे ज्या दिवसांत सगळ्यात जास्त उकडतं, त्याच दिवसांत सगळ्यात जास्त काम! दुपारी हक्काची सुट्टी नाही. यंत्र चालू असतानाच एकाने दुसऱ्याच्या साच्यावर लक्ष ठेवायचं आणि दुसऱ्याने भाकरी खाऊन घ्यायची. पगार महिन्याने, तोही मागे ठेवून. महिना संपून किती दिवसांनी हातात पडेल याचा नेम नाही. तोपर्यंत किराणा उधार, त्यावर व्याज.

सुट्टीचं तर विचारूच नका. सणावाराला गिरणी बंद असायची, पण ठरलेला आठवड्याचा वार नव्हता. काही गिरण्यांत रविवारी यंत्र थांबायचं, पण मजूर सुटायचा नाही. त्या दिवशी यंत्रांची साफसफाई. अर्धा दिवस पुसण्यात आणि तेलपाण्यात जायचा.

१८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्याआधी शोराबजी शापुरजी बंगाली या पारशी गृहस्थाने मजुरांसाठी कायद्याचा मसुदा करून पाहिला होता. प्रत्यक्षात कायदा आला तो लहान मुलांपुरता. सात वर्षांच्या आतलं पोर कामाला लावायचं नाही, सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, त्यांना महिन्यातून चार सुट्ट्या. आणि हे सगळं शंभर किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कारखान्यालाच लागू. मोठ्या बाईमाणसाच्या आणि पुरुषाच्या तासांवर एक ओळसुद्धा नाही. माणसांच्या आकड्यावर कायदा लागू होणार म्हटल्यावर आकडा कमी दाखवायचा, ही युक्ती आजही कुणाला शिकवावी लागत नाही.

दीनबंधू

दरम्यान लोखंडे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजात आले होते. हा समाज १८७३ मध्ये पुण्यात निघाला. त्या विचाराचे कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ ला पुण्यात ‘दीनबंधू’ नावाचं साप्ताहिक काढलं. पेपर काढणं सोपं, चालवणं अवघड. पैशांअभावी तो अडला. १८८० मध्ये लोखंडेंनी तो मुंबईत आणला आणि पुढे नोकरी सोडून त्यालाच वाहून घेतलं. बांधलेला पगार सोडून तोट्यातला पेपर अंगावर घेणारा माणूस कसा असेल याचा अंदाज करावा. शेतकरी, मजूर आणि खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींची गाऱ्हाणी छापणारा हा पेपर होता. गिरणीतल्या बातम्या त्यात यायला लागल्या.

इथे शेतकरी वाचकांसाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सहसा सांगितली जात नाही. फुल्यांनी १८८३ च्या सुमारास ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्याची पहिली दोन प्रकरणं दीनबंधूत छापून आली, आणि लोखंडेंनी पुढची छापायचं थांबवलं. मजकूर फार जहाल वाटला असावा, पेपरवर सरकारची खप्पामर्जी ओढवेल ही भीती असावी. फुले यावर चांगलेच नाराज झाले आणि ती नाराजी त्यांनी लिहूनही ठेवली. गुरूने चेल्याला भित्रा ठरवलं म्हणा ना. शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर लोखंडेंचं हे चुकलंच. पण दोघांचं नातं तुटलं नाही. पुढे ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात फुल्यांचा मोठा सत्कार झाला आणि त्यांना महात्मा ही पदवी मिळाली, त्या कार्यक्रमाच्या खटपटीत लोखंडे पुढे होते.

साडेपाच हजार सह्या

१८८४ मध्ये मुंबई सरकारने फॅक्टरी कायद्याचा विचार करायला एक कमिशन नेमलं. कमिशन म्हटलं की साहेब लोक मालकांना विचारणार, डॉक्टरला विचारणार, आणि अहवाल लिहून मोकळे होणार. मजुराला कोण विचारतो? लोखंडेंनी ठरवलं, की न विचारता सांगायचं. २३ सप्टेंबर १८८४ ला परळला गिरणी कामगारांची सभा झाली, लगेच २६ सप्टेंबरला दुसरी. हिंदुस्थानात मजुरांनी आपल्या मागण्यांसाठी अशी सभा भरवण्याची ही सुरुवातच मानली जाते. बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन, म्हणजे मुंबईची गिरणी कामगार संघटना, ती यातूनच उभी राहिली. सालाबद्दल मतभेद आहेत. कुणी १८८४ धरतं, कुणी १८९०.

सभेत अर्ज तयार झाला आणि त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. मागण्या पाचच होत्या. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्य मावळला की बंद. आधीच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटाची सोय.

या मागण्या परत वाचल्या तर एक गोष्ट लक्षात येते. पगार वाढवून द्या, अशी मागणीच त्यात नाही! मिळणारे पैसे वेळेवर द्या, एवढंच. तासही आठ किंवा दहा मागितलेले नाहीत, अंधार पडल्यावर तरी सोडा म्हटलंय. आज कुणाला हे फारच मवाळ वाटेल. पण बहुतेकांना अक्षरओळख नाही, गावाकडे कर्ज, आणि उद्या जॉबरने काढून टाकलं तर चाळीतली जागा भरायला दुसरा तयार. अशा साडेपाच हजार माणसांना कागदावर नाव घालायला लावायचं असेल, तर मागणी अशीच ठेवावी लागते, की ती ऐकून मालकालाही नाही म्हणताना लाज वाटावी.

लगेच काही झालं नाही. कमिशनचा अहवाल आला, कागद सरकला, परत थांबला. पाच-सहा वर्षं तशीच गेली. लोखंडे पेपरात लिहीत राहिले आणि अर्ज करत राहिले.

या काळात त्यांच्यापुढे एक विचित्र अडचण होती. हिंदुस्थानात फॅक्टरी कायदा कडक व्हावा असं विलायतेतल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांनाही वाटत होतं. त्यांना इथल्या मजुराचा कळवळा नव्हता. मुंबईचं सूत आणि कापड महाग व्हावं आणि आपला माल खपावा हा हिशोब होता. त्यामुळे इथली राष्ट्रीय विचाराची पत्रं म्हणायची, की हा कायदा म्हणजे देशी धंदा बुडवायचा डाव आहे. त्यात खोटं काही नव्हतं. पण मग इथल्या मजुराने चौदा तास राबायचं ते देशासाठी का? लोखंडेंनी कायद्याची बाजू घेतली आणि त्याबद्दल शिव्याही खाल्ल्या.

२४ एप्रिल १८९०

त्या दिवशी मुंबईत महालक्ष्मीला रेसकोर्सच्या मैदानावर दहा हजार गिरणी कामगार जमले. कताई खात्यातले, साचा खात्यातले, बाया, पोरं, सगळे. दोन स्त्री कामगार उभ्या राहून बोलल्या. १८९० साली, दहा हजारांच्या सभेत, गिरणीतल्या बाया! त्यांची नावं इतिहासाने जपली असती तर बरं झालं असतं. आठवड्याची सुट्टी मागणारा अर्ज मंजूर झाला आणि गिरणीमालकांच्या संघाकडे पाठवला.

रविवारच का, यावरून असं सांगितलं जातं, की तो खंडोबाचा वार म्हणून कामगारांना जवळचा होता आणि लोखंडेंनी तेही पुढे केलं. साहेबाला चर्चसाठी रविवार हवाच होता. एकाच वारात दोघांचे देव बसले. मुसलमान कामगाराला शुक्रवार जवळचा असणार, पण सगळ्यांनी मिळून एकच दिवस मागितला म्हणून तो मिळाला.

१० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. सभेनंतर दीड महिन्यात. त्याच साली केंद्र सरकारने नवं फॅक्टरी कमिशन नेमलं तेव्हा मुंबईच्या कामकाजापुरतं लोखंडेंना त्याच्याबरोबर घेतलं. सहा वर्षांपूर्वी ज्यांना कुणी विचारत नव्हतं, तेच आता साहेबांच्या शेजारी बसून प्रश्न विचारत होते. १८९१ चा कायदा आला. नऊ वर्षांच्या आतल्या मुलांना बंदी, नऊ ते चौदा वयाच्या मुलांना सात तास, बायकांना अकरा तास, सगळ्यांना दुपारी अर्धा तास सुट्टी आणि आठवड्यातून एक दिवस बंद. शंभर माणसांची अट पन्नासवर आली. पुरुषांच्या तासांना मात्र हात लावला नाही. त्याला १९११ साल उजाडावं लागलं, तेव्हा कापड गिरण्यांत बारा तासांची मर्यादा आली.

संघटना चालायची कशी?

आता खरा प्रश्न. सरकारी अधिकाऱ्यांनी १८९२ च्या सुमारास या संघटनेची पाहणी करून लिहिलं, की तिच्याकडे सभासदांची यादी नाही, फंड नाही, नियम नाहीत. ही काही रीतसर युनियन नव्हे, लोखंडे हे येईल त्या मजुराला फुकट सल्ला देणारे एक गृहस्थ आहेत, एवढाच त्याचा अर्थ. वाचताना राग येतो, पण अधिकाऱ्यांनी लिहिलं ते खरंच होतं.

भिवंडीत, मालेगावात, इचलकरंजीत ज्यांनी विणकरांची सोसायटी किंवा कामगारांची युनियन चालवली आहे त्यांना यातली मेख कळेल. ताक्यावर मजुरी घेणारा लूमवाला दरमहा वर्गणी किती दिवस देणार? कांडी भरणारी बाई देईल का? वर्गणी मागायला गेलं की पहिला प्रश्न, गेल्या वेळच्या पैशांचं काय केलं. लोखंडेंनी ती कटकट ठेवलीच नाही. पेपर हेच ऑफिस, संपादक हाच सेक्रेटरी. गरज पडली की सभा, सभा झाली की अर्ज, अर्ज गेला की प्रत्येक जण आपापल्या साच्यावर. हिशोबच नाही म्हणून भांडण नाही, फूट नाही.

याची दुसरी बाजू म्हणजे संप झाला तर चूल पेटती ठेवायला एक पैसा नाही. म्हणून लोखंडेंनी संपाचा मार्ग धरला नाही, अर्जाचा धरला. आणि सगळं एका माणसाच्या जिवावर. तो माणूस आहे तोवर संघटना आहे.

त्या एका माणसाच्या मागे कामं तरी किती होती! १८९० मध्येच त्यांनी मुंबईतल्या न्हाव्यांची सभा घेतली. विधवा बाईचं केशवपन करायला आम्ही वस्तरा उचलणार नाही, असं न्हाव्यांनी ठरवलं. ज्याच्या हातात वस्तरा, त्यालाच समजावलं. मोठमोठ्या सुधारकांची भाषणं एकीकडे, आणि हा साधा उपाय एकीकडे. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल पेटली तेव्हा गिरणगावात फिरून लोकांना शांत करायच्या कामात ते होते. एका साच्यावर हिंदू, दुसऱ्यावर मुसलमान, आणि मधली वाट दीड हाताची. दंगल आत शिरली असती तर संघटनेचं काय झालं असतं ते भिवंडीकरांना वेगळं सांगायची गरज नाही, १९७० आणि १९८४ इथे अजून लोक विसरलेले नाहीत. या कामानंतर सरकारने लोखंडेंना रावबहादूर किताब दिला. मजुरांचा पुढारी आणि सरकारी रावबहादूर, हे काहींना खटकलं, अजूनही खटकतं.

प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात गाठीचा प्लेग निघाला. लोक मिळेल त्या वाटेने गावाकडे पळाले. गिरण्या ओस पडायला लागल्या. एरवी महिनोन्‌महिने पगार अडकवणारे मालक मजुराला रोजच्या रोज रोख पैसे द्यायला तयार झाले. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून माणसांची बोली लागायची, जो जास्त देईल त्याच्या गिरणीत मजूर जायचा. जे साडेपाच हजार सह्यांनी झालं नाही, ते रोगाने काही महिन्यांपुरतं करून दाखवलं. रोग ओसरला, माणसं परतली, आणि पगार पुन्हा महिन्यावर गेला.

लोखंडे पळाले नाहीत. आजाऱ्यांच्या सेवेत राहिले आणि त्यातच त्यांनाही प्लेग झाला. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. साधारण महिन्याभराने, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले याच रोगाने, याच कामात गेल्या.

संघटना त्यांच्याबरोबरच संपल्यासारखी झाली. यादी नव्हती, त्यामुळे कुणाला बोलवायचं तेही कळेना. १९०९ मध्ये सी. के. बोले यांच्या पुढाकाराने कामगार हितवर्धक सभा निघाली. युनियनला कायद्याने जागा मिळाली ती १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने, आणि वर्गणी, सभासद, शाखा असलेली मोठी गिरणी कामगार युनियन उभी राहिली १९२८ मध्ये. म्हणजे लोखंडेंनंतर तीस वर्षांनी.

पेपर मात्र टिकला. दीनबंधू पुढे वासुदेवराव बिर्जे यांनी चालवला आणि त्यांच्या मागे त्यांच्या पत्नी तानुबाई बिर्जे संपादक झाल्या. परळच्या सरकारी श्रमविज्ञान संस्थेला आज लोखंडेंचं नाव आहे, आणि २००५ मध्ये टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. एकेकाळी त्यांनी त्याच टपाल खात्यात नोकरी केली होती.